शेवट न दिसलेलं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना दूरदर्शन संच आहे. चार पाय, लाकडी सरकती दारं आणि अंगात थोडा तोरा. तो का, ते ऐका.

१९७५ साली चिंचवड गावठाणात, शाळेत शिकवणाऱ्या इंदुताईंच्या घरी मी आलो. आळीतला पहिला संच मीच! दर गुरुवारी, म्हणजे कंपन्यांच्या सुट्टीला, संध्याकाळी ‘आजचं बिऱ्हाड’ ही मालिका लागे. दर वेळी नवं घर, नवी माणसं. गोष्ट त्याच दिवशी संपे. इंदुताईंची सतरंजी पुरत नसे. शुक्रवारी कंपनीच्या कँटीनमध्ये तीच चर्चा. कुणाकडे भांडण झालं की लोक म्हणत, “त्यांच्याकडे आजचं बिऱ्हाड लागलंय!” गणपतीत मंडळाने त्यातल्या गोष्टी स्टेजवरही केल्या. शेजारच्या सरूबाईंना मात्र एकच नट दोन गोष्टींत चालत नसे. “मागल्या गुरवारी आईला हाकललं, अन् आज डागदर झालाय मेला! ह्याचं औषध घेऊ नगा,” असं त्या काचेतल्या रोग्याला बजावत. मला हसू आवरत नसे.

सतरंजीच्या दोन टोकांना रंगराव आणि धोंडीबा हे सख्खे भाऊ बसत. शेताच्या बांधावरून त्यांचा सात वर्षं अबोला होता. नवं शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या, शेतं त्या प्राधिकरणात गेली, बांधही गेला, अबोला तेवढा राहिला. आता धोंडीबाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि थोरल्या रंगरावांना आमंत्रण नव्हतं. सगळ्या आळीला याचं वाईट वाटे, पण बोलणार कोण?

त्या गुरुवारी गोष्ट नेमकी दोन भावांच्या भांडणाची निघाली. शेवटी थोरला धाकट्याच्या दारात येतो, कडी वाजवतो... आणि वीज गेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या गुरुवारी तर दुसरंच बिऱ्हाड येणार.

“दार उघडलं का वं त्यानं?” अंधारात सरूबाईंनी विचारलं.

रंगराव हळूच म्हणाले, “काय ठावं, उघडंल का न्हाई.”

“उघडंल की,” धोंडीबा म्हणाला. “दादा, सोमवारी हळद हाय. तुमी सकाळीच या.”

मित्रांनो, मी शेकडो गोष्टी दाखवल्या, पण त्या संध्याकाळचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे. आता घरोघरी रंगीत संच आले आहेत. माझ्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी असते. माझी तक्रार नाही. तुम्ही तुमचा संच जपा, धूळ पुसा, पण दार लावून एकटेच बघत बसू नका. शेजाऱ्याला हाक मारा. वीज गेली, तर बोलायला कुणीतरी हवं.