दोनशे चोपन्नांतले सात

कराकोलच्या दवाखान्यात संशोधक सायरागुलला एकच माणूस कमी पडत होता. संधिवाताचा धोका वाढवणारी जनुकाची रूपे कोणत्या समाजात किती आढळतात, हे तपासण्यासाठी तिला शंभर किरगीझ रुग्णांचे रक्त हवे होते. नव्व्याण्णवांचे शीतपेटीत जमा झाले होते आणि चार वाजता पेटी राजधानी बिश्केकला निघणार होती. अट साधी होती: दोन्ही आजोबा, दोन्ही आज्या किरगीझ.

साडेतीनला रांगेतून झुरा आपांचा नंबर आला. जन्मभर लोकरीच्या नमद्याचे गालिचे शिवलेले त्यांचे हात आता आल्याच्या गड्ड्यासारखे गाठाळ झाले होते.

"घराणं किरगीझच ना, आपा?"

"सात पिढ्या सांगते, लिही." आपांनी बापापासून सातव्या पूर्वजापर्यंतची नावे एका दमात म्हटली. रांगेने माना डोलावल्या. सायरागुलचे पेन 'होय'च्या चौकटीवर टेकले. तिथे ते नव्व्याण्णव वेळा असेच टेकले होते.

आणि तिथेच अडकले. सात पिढ्यांत माणसाला दोनशे चोपन्न पूर्वज असतात. आपांनी सात सांगितले होते. सातही पुरुष, सातही एकाच ओळीतले.

"आपा, तुमच्या आईची आई कोण?"

"ती होय? दुंगान, चीनकडची. नाहीतर माझ्या हातच्या अश्ल्यामफूच्या थंड शेवयांना ही चव कुठून आली असती?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू बायकांचं विचारलंस कुठे?"

रांगेत मागून आपांची शेजारीण कालीचा म्हणाली, "माझी काल्मिक होती. आजोबांना शर्यतीत हरवलं, मगच नांदायला आली."

"तुमचं काही खरं नाही," तोक्तोबेक आजोबा छाती फुगवून म्हणाले. "माझे चारही किरगीझ."

त्यांची बायको विणकामावरून नजर न उचलता म्हणाली, "तुमच्या आजीचं नाव तर रशियन होतं, मारुस्या."

"लाडाचं असेल."

"आडनावासकट?"

रांग फुटली. कोणाची उइघुर, कोणाची तातार. प्रत्येकाला आपली आजी दुसऱ्याच्या आजीपेक्षा लांबून आलेली हवी होती. काठीचा आधार घेणारी माणसे काठी विसरून हसत होती. सायरागुलने हसू दाबून पाहिले, पण 'होय'च्या नव्व्याण्णव खुणा डोळ्यांपुढे आल्या आणि तीही टेबलाला धरून हसू लागली.

बाहेर गाडीने भोंगा वाजवला. सायरागुलने खिडकीतून सांगितले, "पेटी जाऊ द्या. पण कागद राहू देत. नव्व्याण्णव घरी फोन करायचेत."

"म्हणजे माझं रक्त नको?" आपांचा चेहरा पडला. त्या सकाळी सातच्या बसने आल्या होत्या.

"हवं की." सायरागुलने कोरा कागद ओढला, आज्यांसाठी दोन रकाने आखले आणि वर लिहिले: एक, झुरा.

आपांनी बाही सरकवली. विजयाने वर केलेले बोट वाकडे होते, तरी ते रांगेत शेवटपर्यंत दिसले.

आपांना सुई टोचली जात असताना तोक्तोबेक आजोबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, मारुस्याला जागा ठेव हं. रकाना लहान दिसतोय."