निनादची साक्ष

राजन ताम्हणेने देवाशी कधी वाकडं घेतलं नव्हतं. कुठल्याच देवाशी. पुण्यात मिशनच्या शाळेत असताना तो रोज सकाळी डोळे मिटून इंग्रजीत स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणायचा आणि संध्याकाळी घरी पाटावर बसून अथर्वशीर्ष. शाळेत येशू, घरी गणपती, आणि गणिताच्या पेपरात दोघांनीही हात वर केले. त्यामुळे दोघांबद्दल त्याच्या मनात सारखाच आदर राहिला. वर्गातली निम्मी पोरं त्याच्यासारखीच होती. प्रार्थना म्हणून कोणी ख्रिस्ती झाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. प्रार्थना म्हणजे शाळेचा गणवेश. घरी आलं की काढून खुंटीला लावायचा.

याच समजुतीने पुढे घात केला. पण तेव्हा ते कोणाला कळणार?

राजन दुबईत एका अमेरिकन कंपनीत होता, राहायला शेजारच्या शारजात. कंपनी चिलर विकायची, म्हणजे अख्खी इमारत गार करणारी गच्चीवरची धूडं. साहेब डग्लस विटेकर, अमेरिकेच्या मधल्या कुठल्याशा राज्यातला, उंच, गुलाबी आणि मनाने चांगला. राजनच्या बायकोचं, साधनाचं, ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस हॉस्पिटलच्या बाकावर दिवसभर बसून होता. त्याने प्रार्थनाही केली आणि रजाही मंजूर केली. धार्मिक साहेब बहुधा यातलं एकच करतात.

जगाचा अंत आपल्या हयातीत होणार, आणि त्याची सुरुवात इथून गाडीने जाता येईल अशा अंतरावर होणार, याबद्दल विटेकरला शंका नव्हती. केबिनमध्ये नकाशा होता, त्यावर बाबिलोन लाल पेनाने गोल केलेलं. तरी तो चिलरला दहा वर्षांची गॅरंटी द्यायचा. दुबई मरीनात तेव्हा नुसता खड्डा आणि पाणी होतं, तिथे त्याने समुद्राच्या बाजूचा फ्लॅटही बुक केला होता.

"साहेब, मग ताबा कधी?" राजनने एकदा विचारलं.

"इन्शाल्ला," विटेकर गंभीरपणे म्हणाला.

दोन हजार दोन साली त्याने ताम्हण्यांना जुमेराच्या व्हिलावर जेवायला बोलावलं. राजन, साधना आणि बारावीतला निनाद. ताटं वाढली, विटेकरने सगळ्यांना हात धरायला लावले आणि प्रार्थना सुरू केली. राजनला वाटलं, आपण नुसतं गप्प राहणं बरं दिसत नाही. सत्यनारायणाला गेलं की आरतीला टाळ्या वाजवतोच ना आपण. तर त्याने सूर धरला आणि शाळेतली ती प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत म्हणून दाखवली. निनादनेही साथ दिली, कारण लहानपणी पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला राजननेच त्याला ती शिकवली होती.

डोळे उघडले तेव्हा विटेकर रडत होता.

"राजन, हे तू इतकी वर्षं मनात ठेवलंस?"

राजनने मान हलवली. ही मान अशी होती की तिचा अर्थ हो, नाही, बघू आणि भाजी छान झालीय, यांतला कुठलाही लागतो. विटेकरने स्वतःला हवा तो लावला.

त्याच्या गावी त्याच्या चर्चचं कॉलेज होतं. मुलाला तिथे पूर्ण स्कॉलरशिप मिळेल, व्हिसासाठी शिफारस तो स्वतः लिहील. त्या वर्षी शारजाच्या पत्त्यावरच्या पोराला अमेरिकेचा व्हिसा मिळणं किती कठीण होतं हे ज्याच्या घरात पोरगं होतं त्याला ठाऊक होतं. एकच गोष्ट होती. निनादने, आपण येशूला तारणहार मानलं आहे, असं लिहून द्यायचं होतं.

"हे काय लिहून घेतायत?" साधना म्हणाली.

"अगं, शाळेत म्हणायचो तसंच. मला काय झालं?"

"तुम्हाला इंग्रजी आलं, पगार झाला. त्याचं काय होईल ते सांगा."

"यू गाइज आर फनी," निनाद म्हणाला आणि सही केली.

निघायच्या दिवशी अल नहदाच्या त्यांच्या बिल्डिंगखाली बॅगा गाडीत टाकल्या हमदुल्लाने. हमदुल्ला बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार. पेशावरकडचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्याने निनादला सायकल शिकवली होती. लहानपणी एकदा लपंडाव खेळताना निनाद तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीत शिरला, दाराचं कुलूप आपोआप लागलं, आणि सगळे पार्किंगमध्ये हाका मारत फिरत असताना हमदुल्लानेच आतली रड ऐकून किल्ली शोधत न बसता कुलूप हातोड्याने तोडलं होतं. काळोखात भेदरलेलं पोर त्याची दाढी धरून बाहेर आलं. त्यानंतर कित्येक दिवस निनादला पंपाचा आवाज ऐकू आला की ताप भरायचा.

"निनाद बाबा, अमरिका जाके हमको भूल मत जाना," हमदुल्ला म्हणाला. निनादने त्याला मिठी मारली.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग ईमेलखाली बायबलची वचनं यायला लागली. साधनाने कोणाबरोबर तरी बेसनाचे लाडू पाठवले, तर निनादने फोन करून विचारलं, नैवेद्य दाखवला होता का? दाखवला होता. मग ते लाडू त्याने खाल्ले नाहीत. "रूममेट्सनी तरी खाल्ले का रे?" एवढंच साधनाने विचारलं. त्यांनीही नव्हते खाल्ले.

इराकची लढाई सुरू झाली तेव्हा विटेकरकडे शुक्रवारच्या प्रार्थनेला गर्दी वाढली. आखातात रविवार शुक्रवारीच येतो. राजन जायचा. न जाण्याला आता कारण द्यावं लागलं असतं. तिथे लोक डोळे मिटून राष्ट्राध्यक्षासाठी, सैनिकांसाठी, न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आणि कुठल्याशा जिल्ह्यातल्या संसदेच्या जागेसाठी मागणं मागत. देवाला मतदारसंघ इतके बारकाईने माहीत असतील असं राजनला कधी वाटलं नव्हतं. शेवटी केक असायचा.

त्याच जागेचा उमेदवार विटेकरच्या चर्चचा होता. हेंड्रिक्स नावाचा. आणि दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, प्रार्थना संपल्यावर, विटेकरने ताम्हण्यांना मागे थांबवून घेतलं आणि टीव्हीवर एक सीडी लावली.

शाळेच्या मैदानाएवढा हॉल, माणसांनी भरलेला. स्टेजवर सूट घातलेला निनाद. त्याच्या खांद्यावर हेंड्रिक्सचा हात. निनाद इंग्रजीत साक्ष देत होता. इतकं सुरेख बोलतो हा, असं राजनला पहिल्यांदा वाटलं. मग तो काय बोलतोय तिकडे लक्ष गेलं.

मी मूर्तींच्या घरात वाढलो, निनाद सांगत होता, मुसलमानांच्या देशात. माझ्याकडे बायबल सापडलं म्हणून आमच्या इमारतीच्या दाढीवाल्या पहारेकऱ्याने मला अंधाऱ्या खोलीत कोंडलं. मी किंचाळलो. कोणी आलं नाही. त्या अंधारात मला प्रभू भेटला. हे लोक कोण आहेत ते मिस्टर हेंड्रिक्स यांना कळतं. मला मत देता येत नाही. तुम्हाला येतं.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

"तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत," विटेकरची बायको साधनाचा हात दाबत म्हणाली.

साधनाने हात काढून घेतला आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिली. पर्समध्ये काही नव्हतं.

गाडीत शारजाच्या ट्रॅफिकमध्ये ती म्हणाली, "किंचाळला म्हणे. कोणी आलं नाही म्हणे. दाढीचे केस मुठीत होते त्याच्या, मी सोडवले."

दोन दिवसांनी निनादचा फोन आला. तिथल्या एका पेपराला संशय आला होता. एक बातमीदार बाई वडिलांशी बोलणार होत्या, खरंखोटं करायला.

"बाबा, जस्ट से इट्स ट्रू."

"निनाद, तुला आठवतं ना काय झालं होतं ते? तू स्वतः आत गेलास. लपायला."

"आय वॉज इन द डार्क, बाबा. दॅट हॅपन्ड."

"हमदुल्लाने कुलूप तोडलं रे."

मग निनाद मराठीत बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर सगळं जाईल. कॉलेज, व्हिसा. लोक थुंकतील माझ्यावर. प्लीज."

राजन ऑफिसात आठवडाभर कोटेशनं काढत बसला, आणि त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. खरं बोललो तर पोरगा घरी येईल. हेच तर हवं होतं. रोज झोपताना साधना हेच मागत होती. पण कसला पोरगा येईल? चारचौघांत खोटा ठरलेला, आणि तो ठरवला कोणी, तर बापाने. तो समोरच्या खोलीत राहील आणि जन्मात बोलणार नाही. आणि खोटं बोललो तर तो राहील तिकडे, पण निदान बाप म्हणून फोन करील.

"तुम्हाला काय करायचं ते करा," साधना म्हणाली. "मला विचारू नका. मला दोन्हीकडून तोच हवाय."

पेपरचा फोन संध्याकाळी आला, दिवेलागणीला. त्याच वेळी हमदुल्ला खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन वर आला होता. तो बदलून, हात धुऊन, नेहमीसारखा हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला चहाचा कप घेऊन बसला होता. फोनही हॉलमध्येच. वायर आखूड.

बातमीदार बाई फार अदबीने बोलत होत्या. उगाच त्रास देतेय, म्हणाल्या. तुमच्या मुलाने सांगितलेली घटना खरी आहे का? इमारतीच्या पहारेकऱ्याने त्याला कोंडलं होतं का?

राजनने हमदुल्लाकडे पाहिलं. हमदुल्लाने चहावरून मान वर करून खुणेने विचारलं, निनाद बाबा? राजनने मान हलवली.

"येस," तो फोनमध्ये म्हणाला.

"सॉरी, मला ऐकू आलं नाही."

राजनने पाठ वळवली, रिसीव्हरवर हात धरला आणि अजून खालच्या आवाजात म्हणाला, "येस. इट इज ट्रू." हमदुल्लाला इंग्रजी येत नव्हतं. तरी आवाज वर निघेना.

मग बाईंचाही आवाज खाली आला. "मिस्टर ताम्हणे, तुमच्याजवळ आत्ता कोणी आहे का?"

"येस."

"तो माणूस?"

या सगळ्या संभाषणात खरी उत्तरं देता येतील असे प्रश्न आत्ता कुठे सुरू झाले होते. "येस," राजन म्हणाला.

"तुम्ही मोकळेपणाने बोलू शकता का?"

"नो."

फोन ठेवला तेव्हा हमदुल्लाने विचारलं, "बाबा ठीक है?"

"ठीक है."

"कब आयेगा?"

"इन्शाल्ला," राजन म्हणाला. साधना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने नव्या सिलिंडरवर कुकर चढवला.

बातमी पहिल्या पानावर आली. विटेकरने ती इंटरनेटवरून छापून आणली, केबिनचं दार लावलं आणि राजनला घट्ट मिठी मारली. बातमीत लिहिलं होतं की अजूनही भीतीच्या छायेत जगणाऱ्या वडिलांनी, छळ करणारा माणूस त्याच खोलीत बसलेला असताना, कापऱ्या आवाजात कुजबुजत मुलाच्या शब्दाला पुष्टी दिली. हेंड्रिक्सने तो कागद प्रत्येक सभेत वाचून दाखवला. तो निवडून आला. त्याशिवायही आला असता, असं जाणकारांचं मत पडलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी निनादचा फोन आला. राजन वाटच पाहत होता. त्याने ठरवलं होतं, की मुलगा आभार मानील तेव्हा सांगायचं, एकदा येऊन जा, हमदुल्लासमोर दोन मिनिटं उभा राहा, बोलू नकोस काही, नुसता उभा राहा. आपण दोघं काय केलं ते आपल्या दोघांना माहीत आहे, एवढ्या आधारावर हे बोलता आलं असतं.

"बाबा," निनाद म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "आर यू सेफ?"

"म्हणजे?"

"तो रोज वर येतो का? आईला काही करत नाही ना? तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला वाटायचं, मीच काहीतरी वाढवून सांगतोय. आय यूज्ड टू फील सो गिल्टी. तुम्ही त्या रिपोर्टरला म्हणालात तेव्हा मला कळलं, मला नीट आठवत होतं."

"निनाद, अरे," राजन म्हणाला.

"बोलू नका. आय नो यू कान्ट टॉक. मिस्टर हेंड्रिक्स म्हणालेत, तुम्हाला दोघांना तिथून बाहेर काढू. आम्ही सगळे प्रे करतोय." मग त्याने फोनवरच प्रार्थना सुरू केली. राजनला ती पाठ होती. शेवटपर्यंत ऐकून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" साधनाने आतून विचारलं.

"जपून राहा म्हणाला."