चार सुरांची हाक

"स्टूल अजून थोडं इकडे घ्या, मावशी. लोकांना तुमचे हात दिसायला हवेत."

"हात दिसायचे म्हणजे मलाही लोक दिसणार."

"दिसू देत की. लोकच आहेत, वाघ नाहीत."

"वाघ परवडला. तो एकटा असतो."

नृत्यदिग्दर्शिका हसली नाही. तिने वाकून स्टुलाच्या पायांभोवती जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली. आता स्टूल हललं तर लगेच कळणार होतं. दुपारच्या प्रयोगासाठी बाहेर लोक जमायला लागले होते.

याच नाट्यगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर बॅलेचा वर्ग भरतो. तिथल्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून, मावशी केस काळे होते तेव्हापासून पियानो वाजवत आली होती. नाचणारी मुलं लहानपणी वर्गात आली, मोठी झाली, खालच्या रंगमंचावर गेली. मावशी वरच राहिली. वाजवताना ती पट्ट्यांकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. कोण दमलंय, कोणाचा घोटा दुखतोय, कोणाला कालपेक्षा किंचित सावकाश हवंय, हे तिला गुडघ्याखालीच समजायचं. रस्त्यात भेटलेली मुलं चेहऱ्यावरून ओळखायला तिला जरा वेळ लागायचा.

रोजचा वर्ग एकाच गोष्टीने सुरू व्हायचा. सगळे भिंतीलगतच्या दांडीशी उभे राहायचे आणि मावशी दोन्ही हातांनी मिळून चार संथ, भरीव सूर वाजवायची. त्यावरून गती कळायची, श्वास लागायचा, आणि मग एक हात दांडीवर ठेवून सगळे गुडघे सावकाश वाकायचे. या चार सुरांना मुलं 'हाक' म्हणत. "मावशीने हाक मारली की झोपेतसुद्धा माझे गुडघे वाकतात," असं लांब्या म्हणायचा. लांब्या हा त्यांच्यातला सगळ्यात उंच नर्तक. वाट बघत उभं राहायचं असलं की त्याची उजवी टाच नकळत वर उचलली जायची. लहानपणापासून ती खोड गेली नव्हती.

नव्या नृत्यात पियानो रंगमंचाच्या मधोमध हवा, असं दिग्दर्शिकेने ठरवलं. बाहेरून एक नावाजलेला वादक आणून पाहिला. तो उत्तम वाजवायचा, पण मुलं त्याच्या मागेमागे धावत होती. शेवटी तीच म्हणाली, "यांना मावशीच लागते."

मावशीने तीनदा नाही म्हटलं. मग लांब्या घरी येऊन बसला आणि उठेचना.

"तू ये. नाहीतर मी इथेच जेवणार, इथेच झोपणार. माझे पाय तुझ्या सोफ्यात मावत नाहीत, ते तुझ्या स्वयंपाकघरात येतील."

"मला जमणार नाही रे."

"रोज जमतं ते?"

"रोज कोणी बघत नाही."

"आम्ही बघत नाही होय? बरं, आम्ही माणसांत मोडत नाही."

ती तयार झाली, पण एक वाट मोकळी ठेवून. सगळ्या संगीताचं रेकॉर्डिंग तयार होतं. तिने डावा हात पियानोच्या झाकणावर ठेवला की ध्वनियंत्रणेवरचा माणूस ते सुरू करणार होता. लोकांना वाटलं असतं, ते तसंच असेल.

प्रयोगाआधी मावशीचे बाबा विंगेत आले. म्हातारपणाने पाठ वाकली होती, पण कान शाबूत होते. आयुष्यभर त्यांनी पियानोंचे सूर लावले होते. त्यांनी मधली एक पट्टी दाबली आणि सूर पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.

"बरा लावलाय. दिवे तापले की तारा थोड्या सैल पडतील. कोणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल."

"मी सांगणार नाही कोणाला." मग छत्री झटकत ते म्हणाले, "बाहेर सगळं ओलं झालंय. हवा दमट आहे आज."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. असंच वाक्य त्यांनी पूर्वी एकदा उच्चारलं होतं. तेव्हा ती संगीत शाळेत शिकत होती. वार्षिक कार्यक्रमात ती पियानोसमोर बसली, समोरचा अंधार तिच्याकडे बघत होता, आणि तिचे हात मांडीवरून उठलेच नाहीत. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग ती उठून चालत बाहेर गेली. त्या पियानोचा सूर बाबांनीच लावला होता. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "हवा दमट होती. सूर उतरलाच असता." त्यानंतर दोघांनी तो विषय कधी काढला नाही. आणि ती लोकांसमोर कधी बसली नाही.

"तू जा आत," बाबा म्हणाले. "मी माझी खुर्ची शोधतो."

पडदा उघडला. नर्तक रंगमंचभर विखुरले होते, प्रेक्षकांकडे पाठ करून, पुतळ्यांसारखे. नृत्याची सुरुवात अशीच होती: पियानोचा एकच उंच, बारीक सूर, आणि त्यावर एकेकाने हलायचं. तो सूर मावशीने वाजवायचा होता.

तिचे हात मांडीवर होते. बोटं थंड पडली होती. डावीकडे तोच अंधार होता, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा, आणि तो श्वास घेत होता. कोणीतरी खोकलं. तिने हातांना उठायला सांगितलं, ते उठले नाहीत. मग डावा हात एकदम उठला. तो झाकणाकडे निघाला होता.

सवयीने तिची नजर खाली गेली. समोर लांब्याचे पाय होते. त्याची उजवी टाच वर उचललेली होती. पलीकडच्या पायांतला एक घोटा किंचित आत झुकला होता, रोजच्यासारखा. सगळे पाय तिच्या ओळखीचे होते, आणि सगळे वाट बघत होते.

तिचा डावा हात झाकणाला टेकण्याआधीच वळून पट्ट्यांवर आला. उजवा त्याच्या शेजारी आला. आणि दोघांनी मिळून, तिला न विचारता, हाक मारली. चार संथ, भरीव सूर.

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. कारण रंगमंचभर विखुरलेली ती सगळी माणसं एका श्वासात बाजूला वळली होती, आणि प्रत्येकाने एक हात पुढे करून, नेमक्या त्याच उंचीवर, तिथे नसलेल्या दांडीवर ठेवला होता. हवेत ती दांडी दिसत होती. मग सगळे गुडघे एकदम वाकले.

मावशी वाजवत राहिली. रोजचीच ती साधी चाल, सकाळची, अजून आळस न गेलेली. गुडघे सरळ झाले, पुन्हा वाकले. तिची बोटं गरम झाली. चालीच्या शेवटी तिने हात वर सरकवला आणि तो उंच, बारीक सूर वाजवला. लांब्याने अदृश्य दांडी सोडली आणि झेप घेतली. ती त्याच्यासोबत गेली. पुढचं सगळं तिला पाठ होतं, पण ती पाठ केलेलं वाजवत नव्हती. समोर पाय होते, ती पाय वाजवत होती. मध्येच तिने डावीकडे, अंधारात, एकदा सरळ बघितलं. माणसंच होती.

शेवटचा सूर विरला. मग टाळ्या आल्या, त्या थांबेनात. नर्तकांनी रांगेत येऊन प्रेक्षकांना नमस्कार केला. तालमीत एवढंच ठरलं होतं. पण लांब्या वळला, आणि त्याच्यामागे सगळेच वळले. वर्ग संपला की रोज करतात तसा, एक पाय मागे घेऊन, हात पसरून, त्यांनी पियानोकडे तोंड करून नमस्कार केला. प्रेक्षक उभे राहिले.

मावशीला काय करायचं ते माहीत नव्हतं. म्हणून तिने रोजचंच केलं. मान हलवली, रुमाल काढला आणि पट्ट्या पुसल्या. लोक हसले, आणि टाळ्या आणखी वाढल्या. तेव्हा कुठे ती उठली आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. पडदा पडेपर्यंत ती तिथेच उभी होती.

विंगेत दिग्दर्शिका कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझी सुरुवात कुठे गेली, मावशी?"

"चुकलं माझं."

"उद्याही असंच चुका. रोज चुका." मागे वळून ती कोणावर तरी ओरडली, "स्टुलाच्या पट्ट्या काढू नका रे, तिथेच राहू देत."

प्रेक्षागृह रिकामं झालं होतं, पडदा पुन्हा उघडलेला होता. बाबा अजून आपल्या खुर्चीत बसले होते, ओली छत्री दोन्ही पायांमध्ये धरून. मावशी खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी बसली. दोघं रंगमंचावरच्या पियानोकडे बघत राहिले. त्याच्यावरचा एक दिवा कोणीतरी तसाच ठेवला होता.

"वरचे सूर उतरले का हो?" तिने विचारलं.

"उतरले थोडे." त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. "हवा तशीच आहे, दमट." मग ते म्हणाले, "तेव्हाही हवेचा काही संबंध नव्हता."

"मला माहीत होतं, बाबा."

"हो ना? मलाही वाटलंच होतं." ते उठायला लागले. तिने हात पुढे केला आणि त्यांनी तो दांडीसारखा धरला.