अभिषेकचं धुकं

“बाबा, आँखें बंद रखो!” नेत्रानं कॉम्प्युटर चालू केला.

आमचे हे शाळेतल्या पोरासारखे डोळे मिटून बसले होते. मी दारातूनच म्हटलं, “घट्ट मिटा! चोरून बघायची खोड आहे तुम्हाला.” चंदीगडात वाढून हिंदीच बोलणाऱ्या आमच्या लेकीनं पहिल्या पगारातून नवं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं होतं. मग तिनं एका नव्या गेममधलं तळं दाखवलं. पाणी हलत होतं, त्यात झाडं उलटी दिसत होती, माणसाच्या पायाशी सावलीसुद्धा होती.

“आपल्या जुन्या गेममध्ये पाणी म्हणजे निळा पत्रा होता,” हे हसले. मग म्हणाले, “आता अभिषेकचा लाव.”

मी स्वयंपाकघरात निघून आले. ते मला बघवत नसे.

अभिषेक आमचा थोरला. चंदीगडलाच इंजिनिअरिंगला होता. एका गेमच्या आत त्यानं स्वतःची गल्ली बांधली होती. जानेवारीतली, आमच्या सेक्टरची. कडेनं सफेद्याची, म्हणजे निलगिरीची झाडं, ह्यांची स्कूटर, घराचं फाटक आणि आत एक पिवळी खिडकी. सगळ्यावर दाट धुकं. हे तेव्हा हवाई दलात, हवामान विभागात होते. धावपट्टीवर पहाटे किती लांबचं दिसतंय हे कळवायचं, ही ह्यांची नोकरी. त्यामुळे धुकं बापलेकांनी मिळून केलेलं. “छे रे, एवढ्याशा धुक्यात विमान उतरेल!” असं हे म्हणायचे, आणि पोरगा ते आणखी दाट करायचा. मी ओरडायची, “जेवायला या, नाहीतर धुकंच वाढते ताटात!”

फाटकाशी पोचलं की तो सांगायचा, “बाबा, आत जाऊ नका हां. अजून व्हायचंय.”

कारगिलचं साल होतं ते. त्याच वर्षी तो तापानं गेला. मी जिथं सिस्टर आहे त्याच हॉस्पिटलात. लोकांची लेकरं बरी करून घरी पाठवायची मी, आणि माझं मला नेता आलं नाही.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हे त्या गल्लीतून फाटकापर्यंत जायचे, खिडकीकडे बघत थांबायचे आणि कॉम्प्युटर बंद करायचे. आत कधी गेले नाहीत. मी चिडायची, “भिंतीवरचा फोटो पुरत नाही का?”

“फोटोला हार घातलाय,” हे म्हणायचे. “इथे दिवा लागलेला असतो.”

“रागिणी, जरा ये गं.” ह्यांचा आवाज ऐकून मी हातातलं टाकून धावले.

धुकं नव्हतं. गल्ली लख्ख दिसत होती. झाडं म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे. घर म्हणजे नुसती पुढची भिंत, आणि खिडकी म्हणजे त्या भिंतीवर चिकटवलेला पिवळा चौकोन. मागे काही नव्हतं. जमीनसुद्धा तिथेच संपत होती.

“आत कुणीच नाही गं,” हे म्हणाले.

नेत्रानं सगळं करून पाहिलं. शेवटी रडकुंडीला येऊन मला म्हणाली, “आई, पुराना कार्ड फॉग अपने तरीके से बनाता था. नए वालों में वो तरीका है ही नहीं.”

“मग जुनं घाल की!”

“दुकान में दे दिया, एक्सचेंज में.”

असा राग आला मला! पाणी हलवता येतं, सावल्या पाडता येतात, आणि साधं धुकं येत नाही? कसलं मेलं नवं कार्ड!

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तरी हे उठले नाहीत. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. हेच तर मला इतकी वर्षं हवं होतं. पण पोरगा पुन्हा एकदा गेला असंच वाटलं.

ड्यूटीवरून आले तशीच नेत्राला घेऊन दुकानात गेले. दुकानदार नरेंद्रजी म्हणाले, “सिस्टरजी, वो तो कबाड़ है. क्या करोगे उसका?”

“आपको क्या करना है? ढूँढो!”

भंगाराचं पोतंच रिकामं केलं त्यांनी. आमचं कार्ड काही सापडलं नाही, पण त्याच जातीचं, त्याच काळातलं एक निघालं. नेत्रानं ते घरी आणून बसवलं.

हे जागचे हलेनात. “आता काय बघायचंय? आत काय आहे ते कळलं.”

मग मीच बसले, आयुष्यात पहिल्यांदा. नेत्रानं बटणं दाखवली. “अगं बाई! अहो, धडकले ना मी तुमच्या स्कूटरला!”

“डावीकडे घे, डावीकडे,” म्हणत हे खुर्ची ओढून शेजारी आले.

धुकं परत आलं होतं. झाडं त्यात बुडाली होती. फाटक आलं, आणि पलीकडे अंधूक पिवळी खिडकी. माझं बोट बटणावर होतं.

“आत जाऊ?”

आत काय आहे ते ह्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

“नको,” हे म्हणाले. “अजून व्हायचंय त्याचं.”

मी बोट उचललं. “होऊ दे की. आपल्याला कुठे घाई आहे!”

नेत्रा जेवायला बोलवत होती. आम्ही दोघं फाटकाशी बसून राहिलो.