लाभाची पायली

पायली म्हणजे काय हे आधी सांगावं लागतं, इतकी मी जुनी झाले आहे, मित्रांनो. मी धान्य मोजायचं लोखंडी माप. उदगीरच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत छोटंसं संग्रहालय आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, एक फुटका कंदील आणि एक गंजका अडकित्ता यांच्यामध्ये माझा मुक्काम आहे.

लोहाराने मला घडवलं आणि चंद्रप्पांनी मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, आपल्या दुकानात आणलं. चंद्रप्पांचा हात सढळ. ज्वारी भरली की माझ्यावर शीग चढायची, आणि ती त्यांनी तळहाताने कधी सपाट केली नाही. 'मापात पाप नको' असं म्हणणारे पुष्कळ असतात हो, पण हे गृहस्थ तसं वागायचे. मोजताना पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. त्या काळी आमच्याकडे सगळेच तसं मोजायचे. घरात येणारं धान्य एकटं येऊ नये, शुभ शब्दाने यावं, एवढाच त्यातला भाव. दिवाळीच्या पाडव्याला त्यांची बायको गौरम्मा मला राखेने घासून विभूती लावायची.

मग वजनकाटा आला आणि मी माळ्यावर गेले. माझ्यात आधी खिळे ठेवले, मग चपलांचे तुटके बंद, आणि शेवटी उंदरांनी संसार थाटला. काय सांगू! चंद्रप्पा वारल्यावर गौरम्माने मला खाली उतरवलं, पुसलं आणि इथे आणून दिलं. "चार माणसं बघतील, आमच्या मालकाचं नाव निघंल," असं ती इथल्या राखणदाराला, पंढरीला म्हणाली. तिला दुसरं काही नको होतं.

यंदा गावच्या हौशी नाटकवाल्यांना एक कल्पना सुचली. संग्रहालयातल्या वस्तूंनाच रंगमंचावर बोलायला लावायचं! नाटक लिहिलं हरिओमसरांनी. माणूस वाईट नाही, मेहनती आहे. मोंढ्यात हिंडून त्यांनी जुन्या गोष्टी गोळा केल्या. दामिनी नावाची पोरगी पायली झाली. कमरेभोवती पत्र्याचा डबा बांधून ती ठुमकत आली, तेव्हा मला खरंच हसू आलं. मला स्वतःला रंगमंचापुढे टेबलावर मांडलं होतं. पहिल्या रांगेत शाल पांघरून गौरम्मा बसली होती, आणि शेजारी तिची सून अंबिका.

व्यापारी झालेल्या अमरेशने मापात ज्वारी भरली आणि "लाभ!" असं ओरडून ती आपल्याच पोत्यात ओतली. "दोन!" म्हणून गिऱ्हाइणीच्या पिशवीत. "तीन!" तेही पिशवीत. मग पैसे घेतले तिन्हींचे. दामिनी नाचत म्हणाली, "मी लाभाची पायली गं बायांनो, पहिला घास मालकाचा!"

अगं बाई, काय हशा पिकला! 'लाभ' म्हणजे व्यापाऱ्याचा नफा, असं सरांनी धरलं होतं. कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण शब्द तर ओळखीचाच होता. माझं नाव घेऊन माझ्याच पुढ्यात खोटं बोलणं चाललं होतं, आणि माझ्या तोंडातून 'ठण्' एवढंही निघेना.

"काय बोलायलेत गं हे?" गौरम्माने अंबिकेला विचारलं. मग ती उठून उभी राहिली. "अरे बाबा, लाभ म्हंजे एकच की! आमच्या मालकानं कुणाचं न्हाई खाल्लं!"

लोकांना वाटलं, आजीबाईही नाटकातच आहेत. त्यांनी तिच्यासाठीच जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात आली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, अव्वा. पुढच्या प्रयोगात नक्की बदलतो."

"कालची माणसं येतेत का रं पुढच्याला?" एवढंच ती म्हणाली.

सरांनी शब्द पाळला. देवणीच्या प्रयोगालाही मला नेऊन टेबलावर मांडलं होतं. तिथे अमरेशने 'लाभ' म्हणून पहिलं माप गिऱ्हाइणीच्या पिशवीत ओतलं. कुणीच हसलं नाही. पण पहिल्या प्रयोगातली ती गंमत कुणीतरी टिपून मोबाईलवर सगळीकडे पसरवली होती. मागून एक जण ओरडला, "ओ, ते मोबाईलवर आलंय तसं करा की!" मग दुसरा, मग दहा जण. अमरेशने पडद्याआड उभ्या सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. अमरेशने पुन्हा माप भरलं आणि आपल्या पोत्यात ओतलं. सगळं मैदान हसलं.

आता मुलं कपाटाला नाक लावून म्हणतात, "हीच ती लबाड पायली!"

परवा गौरम्मा परत आली. पायऱ्या चढताना तिला फार धाप लागली होती. कपाटात माझ्यापाशी एक पाटी होती, 'कै. चंद्रप्पा यांच्या दुकानातील पायली'. तिच्याकडे बोट दाखवून ती पंढरीला म्हणाली, "तेवढी काढ बाबा."

"का हो, अव्वा? तुम्हीच तर हौसेनं लावायला लावली."

"पायली ऱ्हाऊ दे. नाव नको."

पंढरीने पाटी काढून तिच्या हातात दिली. तिने ती पदराखाली धरली आणि ती खाली उतरून गेली. मला फार वाईट वाटलं. माळ्यावर उंदीर होते तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला तेलपाणी करा, झाकून ठेवा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. आमच्या तोंडी बोल घालण्याआधी, आम्ही ज्या घरून आलो तिथे एकदा विचारून या. गौरम्माचं घर मोंढ्याच्या मागच्याच गल्लीत आहे. ती अजून आहे. मात्र जायचं असेल तर लवकर जा.