बेकरीवाल्याचा रंग

भिंगकाकांच्या कचेरीत एक शिस्त होती. फोटोवरचं डाग-सुरकुत्या काढण्याचं काम संपलं, की तो गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावायचा, सगळ्यांनी समोर खुर्च्या ओढून बसायचं आणि चुका काढायच्या. ज्याचं काम असेल त्यानं बाजूच्या स्टुलावर बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. "पण ते मी मुद्दाम..." वगैरे नाही. मान हलवणंही नाही. एकदा एकानं नुसता सुस्कारा टाकला, तर काकांनी तो बचाव धरला आणि सगळ्यांना पहिल्यापासून पुन्हा बोलायला लावलं.

शिस्त काकांनीच घातलेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फोटो गिऱ्हाइकाच्या घरी जाईल तेव्हा खुलासे द्यायला त्याच्यासोबत तुम्ही जाणार आहात का?

'भिंग' हे नाव अर्थात पाठीमागचं. समोर सगळे काकाच म्हणत. खऱ्या नात्यानं ते एकाचेच काका होते, पुतण्याचे. धंदा आता तोच सांभाळायचा आणि गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलायचा, की फोन ठेवल्यावर त्याला पाणी प्यावं लागे. दुसऱ्याला सगळे दाढी म्हणत. विस्कटलेल्या केसांची एकेक बट सोडवून फोटो नीट करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःच्या दाढीकडे बघायला मात्र त्याला सवड मिळालेली नव्हती. आणि तिसरी काकांची सून. मुलाला या कामात रस नव्हता, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सुनेला होता. त्यामुळे मुलाबद्दल काकांचं मत सुधारलं होतं, निदान त्याच्या निवडीपुरतं.

काकांच्या जिभेला सगळे टरकून असत. "सूनबाई, ही बाई आहे की साबणाची वडी? कातडीला छिद्रं असतात. ती काही देवाची नजरचूक नाही." किंवा, "दाढी, या गृहस्थांना मान दिलीस की उशी?" किंवा, "मागची खिडकी सरळ केलीस, छान झालं. आता घर वाकडं झालंय, ते कधी करतोस?" ऐकणारा आधी हसायचा. लागायचं ते जागेवर जाऊन बसल्यावर.

काका अजून स्वतःही काम करत. पुतण्यानं मध्ये दोन-तीनदा सुचवून पाहिलं होतं. "काका, तुम्ही आता नुसतं बघत जा. हात कशाला शिणवता?"

"हात थांबला की डोळा नुसता कुरकुरतो," काका म्हणाले होते. "माझे सासरे बघितलेस ना? काम सोडलं आणि दिवसभर घरादाराच्या चुका काढत बसले."

सासऱ्यांचा दाखला निघाल्यावर विषय तिथंच थांबला. पण काकांच्या मनातून गेला नाही. पुतण्या गोड बोलत होता, आणि तो गोड कधी बोलतो ते काकांना माहीत होतं.

शिवाय दुसरी एक गोष्ट त्यांना खटकत होती. वर्षभर झालं, स्टुलावर काका बसले की समोरून फक्त कौतुक यायचं. पहिले काही महिने त्यांना त्यात वावगं दिसलं नाही. चांगल्या कामाला चांगलं म्हटलं, एवढंच. मग एकदा दाढी म्हणाला, "काका, यात बोलण्यासारखं काही नाहीच." आणि हे म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी त्यांनी बायकोजवळ विषय काढला.

"अगं, वर्षभरात माझ्या कामात एक चूक सापडू नये?"

काकू चादरीच्या घड्या घालत होत्या. "एवढ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाला तुम्ही एकदा छान म्हणाला नाहीत. तुम्हाला कुणी म्हणतंय तर घ्या की गपचूप."

"तसं नाही. संशय येतो."

"संशय तुम्हाला सगळ्याचाच येतो. परवा म्हणालात, चादरी पिवळ्या पडल्यात. नव्या आहेत त्या. डोळे दाखवून या एकदा."

"पिवळ्याच आहेत," काका म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

पण त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचा बेत ठरला होता. चूक सापडत नसेल तर चूक ठेवायची.

काम आलं होतं एका बेकरीवाल्याचं. पावाच्या पाकिटावर छापायला स्वतःचा फोटो हवा होता त्याला. पांढरा कोट, छातीवर हातांची घडी, चेहऱ्यावर नुकतीच भट्टी उघडल्याचा आनंद. काकांनी मन लावून काम केलं. कोटाच्या सुरकुत्या काढल्या, गालावरची चकाकी उतरवली, कातडीतला पिवळटपणा घालवला. आणि सगळ्यात शेवटी कोटाचं एक बटण पुसून टाकलं. मधलंच. वर बटण, खाली बटण, मध्ये सपाट कापड. एखाद्या आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं.

फोटो भिंतीवर लागला. काका स्टुलावर बसले.

दाढी बराच वेळ बघत राहिला. "शिकण्यासारखं आहे," तो म्हणाला.

"पाव विकत घ्यावासा वाटतो," पुतण्या म्हणाला.

सून नेमकी त्या सपाट कापडाकडे बघत होती. काकांनी ते पाहिलं. मग ती म्हणाली, "कोटाच्या घड्या फार छान आल्यात, बाबा."

काका उठले, आभार मानले आणि चहा करायला गेले. स्वतःचा चहा त्यांनी स्वतः केल्याची कचेरीला आठवण नव्हती. चहा कडू झाला, तो त्यांनी तसाच प्यायला.

पुढच्या आठवड्यात छापखान्यातून पाकिटाचा नमुना आला. काकांनी तो खिडकीजवळ नेऊन धरला. बेकरीवाला हसत होता आणि त्याच्या कोटाला बटणं होती. सगळी. मधलंसुद्धा, दोऱ्याच्या टाक्यांसकट.

काकांनी नमुना टेबलावर ठेवला. "हे कुणी शिवलं?"

दाढीनं पुतण्याकडे बघितलं, पुतण्यानं सुनेकडे. सुनेला बघायला पुढे कुणी नव्हतं.

"मी, बाबा."

"एवढंच?"

"नाही. रंगही."

"कुठला रंग?"

"बाबा, वर्षभर तुमची माणसं निळी येतात."

"निळी?"

"म्हणजे गार. फ्रिजमधून काढल्यासारखी. तुमचं झालं की मी त्यांना जरा ऊब देते, मग फाईल जाते."

पुतण्या मध्ये पडला. "काका, तिला मीच सांगितलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि हा तर पावाच्या पाकिटावर जायचा होता. तुम्ही केलेला तसाच गेला असता, तर लोकांना वाटलं असतं पावाला बुरशी आलीय."

काकांचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. चादरी. जिन्यातली भिंत, तीही हल्ली पिवळी वाटायची. आणि वर्षभर दर कामाला ते दाढीला सांगत आले होते की पिवळं दिसतंय, उतरव.

"दाढी," ते हळूच म्हणाले, "मी पिवळं उतरव म्हणायचो. तू उतरवायचास?"

दाढीनं आपली दाढी खाजवली. "हो म्हणायचो, काका."

"उतरवायचास का?"

"हो म्हणायचो."

म्हणजे त्यांच्या कामाबद्दल कुणी खरं बोलत नव्हतं, आणि ते बोलत होते ते कुणी ऐकत नव्हतं. वर्षभर तीन माणसं एका खोलीत बसून अगदी शिस्तीत नाटक करत होती, आणि प्रेक्षक एकटे काका होते. पुतण्याचं 'नुसतं बघत जा' आठवून त्यांना खुदकन हसू आलं. बघणंच तर बिघडलं होतं.

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही घरी जा आज. निवांत बोलू आपण."

"नको," काका म्हणाले. "माझा फोटो लाव भिंतीवर. मी केलेला. शिवणकामाच्या आधीचा."

"आता कशाला, काका?"

"लाव."

फोटो लागला. काका स्टुलावर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले. "सूनबाई, सुरू कर. आणि कोट छान आहे म्हणालीस तर घरी वेगळी चूल मांडीन."

तिनं सुरुवात केली, आधी चाचरत, मग नीट. ओठ जांभळे झालेत. कानाच्या पाळ्या मेणाच्या वाटतात. डोळ्यांतलं पांढरं खऱ्या माणसात एवढं पांढरं नसतं. पुतण्यानं सांगितलं की गिऱ्हाइकाच्या कपाळावरची भाजल्याची खूण काकांनी पुसली होती, आणि ती त्याला हवी होती, पहिल्या भट्टीची होती. काकांना हे ठाऊक नव्हतं. पण त्यांनी विचारलंही नव्हतं.

मग दाढीची पाळी आली. एका वर्षाचं साठलेलं होतं बिचाऱ्याचं.

"आणि बटण," दाढी म्हणाला. "काका, स्पष्ट बोलतो. अशी चूक नवशिका करतो. सुरकुती काढताना हात सरकला असणार, त्यात बटण गेलं आणि तुम्हाला कळलंच नाही. माझ्याकडून झालं असतं तर तुम्ही मला आठवडाभर ऐकवलं असतं. मोठं काम करून परत एकदा वरपासून खालपर्यंत बघायचं असतं. तुम्हीच शिकवलंत."

ते मी मुद्दाम, एवढे तीन शब्द काकांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. सून रोखून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. तिला बहुधा समजलं होतं.

काकांनी तिन्ही शब्द गिळले. सुस्कारासुद्धा टाकला नाही.

दाढी आणखी बराच वेळ बटणावर बोलला. बोलून झाल्यावर तो एकदम हलका दिसायला लागला. काका उठले, सगळ्यांना म्हणाले, "ठीक आहे," आणि या वेळी चहा सुनेनं केला.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाल्याचं, त्यामुळंच सगळं पिवळं दिसत असल्याचं सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. काकू "मी काय म्हणत होते" असं म्हणाल्या नाहीत. नुसत्या नवऱ्यासमोर चादर झटकत राहिल्या. गरजेपेक्षा थोडी जास्तच.

पुतण्या म्हणाला, "तोवर आराम करा, काका." आणि गोड हसला.

"हात चांगले आहेत," काका म्हणाले. "रंग सूनबाई सांगेल."

"तिचं स्वतःचं काम?"

"ते मी बघणार नाही, त्यामुळे लवकर होईल," काका म्हणाले. सुनेनं तोवर खुर्ची ओढून घेतलीही होती.

दुसऱ्या दिवशी एका पोहण्याच्या शिक्षिकेचा फोटो आला. काका पेन घेऊन टॅब्लेटवर वाकले, सून शेजारी बसली.

"गाल. जरा तांबूस करा, बाबा."

"एवढा?"

"अजून. थोडा अजून. बास."

"ही आता भाजून निघालेली दिसते."

"तुम्हाला दिसणारच."

"कपाळ पिवळं आहे पण."

"कपाळ छान आहे. हात लावू नका."

काका कपाळाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांना ते हळदीसारखं पिवळं दिसत होतं, स्वच्छ, ढळढळीत. पेनचं टोक कपाळावर टेकायला अगदी केसभर उरलं होतं.

"खरंच छान आहे?"

"खरंच."

काकांनी पेन उचललं आणि हनुवटीकडे नेलं. "हं," ते म्हणाले. "आता इथलं सांग."