ॲसिडची गोळी

"ॲसिड! संडास धुतात ते ॲसिड! नोड्री, बघा, तुमच्या पोटात काय घालतात!"

१९९९ साली दुर्गदबैलाच्या बाजारात ताईत विकणाऱ्या हणमंतअप्पाभोवती बायकांची झुंबड उडायची. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मिळणारी, पाकिटावर फॉलिक ॲसिड लिहिलेली लाल गोळी त्यानं कुटली, तीर्थाच्या वाटीत टाकली, आणि पाणी काळंकुट्ट झालं. "गर्भ असाच जळतो, अव्वा! गोळ्या गटारात टाका, ताईत बांधा!"

गर्दीत माझी भावजय अश्विनी रडत होती. तिचं पहिलं बाळ उघडा पाठकणा घेऊन जन्मलं आणि गेलं. तेव्हा तिनं याच लाल गोळ्या खाल्ल्या होत्या. आता पुढच्या बाळासाठी डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी दिली होती, तीही तिनं या भोंदूच्या नादानं सोडली.

"अक्का, मीच जाळलं हो त्याला."

माझं डोकंच फिरलं. मी विद्यानगरात कॉलेजच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, आणि घरात हा उजेड! पुढं होऊन तीर्थ मागितलं. जीभ तुरटली. हिरडा!

मी अश्विनीच्या पिशवीतली गोळी काढली. "अप्पा, ही पिवळी टाका. नुसतं फॉलिक ॲसिड आहे."

तो कां-कूं करू लागला. मीच चुरडून टाकली. पाणी होतं तसंच.

"श्रद्धा नसली की तीर्थ कोपतं!"

"कोपलं तर काळं व्हायला हवं की हो!" एक म्हातारी खिदळली.

मग लाल गोळी साध्या पाण्यात टाकली. पाणी लालसर झालं, काळं नाही. शेजारच्या रंगाच्या दुकानातून हिराकस आणला, चिमूटभर तीर्थात टाकला. काळंभोर!

"हिरडा आणि हिराकस म्हणजे शाई, बायांनो! पूर्वी याच शाईनं लिहायचे. लाल गोळीत रक्त वाढवायला लोह असतं, हिराकसातलंच, पण शुद्ध केलेलं. काळं होतं ते त्यानं. आणि ॲसिडला काय भिता? लिंबू, चिंच, ताक, रोज ॲसिडच खाता की!"

तोवर अप्पा वाटी टाकून सटकला होता.

"लाल गोळ्या तुला चौथ्या महिन्यात मिळाल्या," मी अश्विनीला म्हटलं. "बाळाचा पाठकणा पहिल्याच महिन्यात मिटतो, दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. म्हणून पिवळी आतापासून घ्यायची. धोका पुष्कळ कमी होतो."

"मग मी नाही जाळलं त्याला?"

"नाही गं."

भर बाजारात ती ओक्साबोक्शी रडली. बायांनो, तीर्थापुढं हात जोडण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. आईच्या माथी तिच्याच बाळाचा खून मारायला त्या माणसाला वाटीभर हिरड्याचं पाणी पुरलं.